बुटक्या कुंपणासाठी गुलाब: कोणते लावायचे, कसे छाटायचे?

चाफेकळी

मंडळी, पुण्यात बावधनला आमच्या नव्या घरात फाटकापासून व्हरांड्यापर्यंत तीस फुटांची फरशी घातलेली वाट आहे. तिच्या एका कडेने गुलाबाचं बुटकं कुंपण करायचं मनात आहे. उंची गुडघ्याच्या जरा वर, अडीच फुटांपलीकडे नको. पलीकडे छोटी हिरवळ आहे आणि व्हरांड्यात बसल्यावर ती दिसायला हवी. ऊन सकाळी आठपासून दुपारी दोन-अडीचपर्यंत, मग शेजारच्या इमारतीची सावली. खाली बिल्डरकृपेने मुरूम, वर फूटभर लाल माती. पाणी बोअरचं, तोटीवर पांढरा थर धरतो इतकं जड.

नर्सरीत विचारलं तर "मोठ्ठ्या फुलांचे घ्या ताई" एवढंच सांगतात. अहोंचं म्हणणं, मेंदीसारखी वरून कात्री फिरवायची की झालं. सासूबाईंना देवाला वाहायला वासाचा गावठी गुलाब हवाय. मला वर्षातले बरेच महिने काहीतरी फुललेलं दिसलं तरी पुरे. तिघांचंही जमेल असं झाड आहे का? किती अंतरावर लावू? छाटणी कधी आणि किती? गणपती झाले की खणायला घ्यायचा बेत आहे, म्हणून आत्ताच विचारतेय.

टवाळ_पोपट

दुरांटा लावा आणि मध्ये मध्ये प्लास्टिकचे गुलाब खोचा. सगळे खूश.

(बसून घेतो. खुरपंकाका येतीलच आता.)

खुरपं

आलो.

चाफेकळीताई, आधी कात्री बाजूला ठेवा आणि झाडाचा बांधा बघा. बहुतेक लोक फूल बघून गुलाब निवडतात. कुंडीत एकटं झाड लावायचं असेल तर ठीक आहे, पण कुंपणाला फूल शेवटी बघायचं. जे झाड आपणहून दोन-अडीच फुटांवर थांबतं, तळापासून फुटतं आणि आडवं पसरतं, तेच तिथे शोभतं. चार फुटी झाडाला अडीच फुटांवर दाबून ठेवायला गेलात तर वर्षभर फक्त त्याच्या कळ्याच कापत राहाल.

नर्सरीत मोठ्या फुलाचे म्हणून दाखवले ते बहुतेक हायब्रीड टी असणार. एका दांड्यावर एक फूल, झाड ताठ, खालचे पाय उघडे. ग्लॅडिएटरसारखा लाल गुलाब फुलदाणीत राजा आहे, पण ओळीने लावला तर काठ्या रोवल्यासारख्या दिसतात. ते प्रकरण इथे नको.

तुमच्या कामाचे गुलाब म्हणजे पॉलिअँथा. जपानकडच्या मल्टिफ्लोरा गुलाबाचा चिनी गुलाबाशी संकर होऊन एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये हा गट तयार झाला. लियाँच्या गियो यांनी १८७५ मध्ये पहिला पॉलिअँथा बाजारात आणला. फूल रुपयाच्या नाण्याएवढं किंवा थोडं मोठं, पण झुबक्याने येतं, एका झुबक्यात वीस-पंचवीस सहज. मल्टिफ्लोराकडून झुबके आले, चिन्याकडून बुटकेपणा आणि पुन्हा पुन्हा फुलण्याची सवय. कुंपणाला याहून वेगळं काय हवं?

यातला 'द फेअरी' डोळे मिटून घ्या. इंग्लंडमधल्या बेंटॉल यांचा, १९३२ चा. फिकट गुलाबी, पानं बारीक आणि चकचकीत, उंचीपेक्षा पसारा जास्त. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात फुलं जवळजवळ पांढरी पडतात आणि वास जवळपास नाही, हे दोन दोष आधीच सांगून ठेवतो. फ्लोरिबंडा (हाही झुबक्याने फुलतो, फूल मात्र पॉलिअँथाहून मोठं) घ्यायचाच असेल तर 'समर स्नो' चालेल, पांढरा आणि काटे कमी. 'आइसबर्ग'चं नाव कोणीतरी सुचवेलच. १९५८ चा, जर्मनीच्या कोर्डेसचा, जगभर कुंपणाला लावतात. पण आपल्या हवेत तो चार फुटांवर जातो आणि पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके घेऊन बसतो. व्हरांड्यातून हिरवळ दिसायची असेल तर त्याला सोडा.

अंतर दीड फूट. तीस फुटांत दोन्ही टोकांना पाऊण-पाऊण फूट मोकळं सोडलं की बरोबर वीस झाडं बसतात. वाटेच्या कडेपासून रोपाचा बुंधा निदान दीड फूट आत घ्या, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ओढण्या आणि पदर रोज सोडवत बसावं लागेल.

वीस वेगवेगळे खड्डे घेऊ नका. सलग चर मारा, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. मुरूम बाहेर काढा. मुरमात घेतलेल्या सुट्या खड्ड्यात पावसाचं पाणी हौदासारखं साठतं आणि मुळं कुजतात. चरात पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरा, रोपामागे दोन मुठी निंबोळी पेंड.

छाटणीचं रात्री लिहितो. वीज जायची लक्षणं आहेत.

चाफेकळी

काका, किती धन्यवाद देऊ! सासूबाईंना वास नाही म्हटल्यावर चेहरा पडलाय, पण त्यावर नंतर येते. छाटणीची वाट बघतेय.

टेम्सकाठ

मी रेडिंगला राहतो (इंग्लंडमधलं, वाचनाचं नव्हे). इथे घरोघरी गुलाबाची बुटकी कुंपणं आहेत, म्हणून दोन पैसे माझेही.

तुमचे अहो अगदीच चूक नाहीत. इथल्या रॉयल नॅशनल रोझ सोसायटीने सेंट ऑल्बन्सच्या बागेत नव्वदच्या दशकात प्रयोग केले होते. काही वाफे जाणत्या माळ्यांनी डोळा (फांदीवर जिथून फूट निघते ती जागा) बघून, तिरका काप घेऊन छाटले. काही वाफ्यांवर सरळ विजेची हेजकात्री फिरवली, बारीक काड्या, वाळकं लाकूड काहीही न निवडता. कात्रीवाल्या वाफ्यांना फुलं कमी नव्हती, उलट काही वेळा जास्तच आली. ती सोसायटी २०१७ मध्ये बंद पडली, पण तेव्हापासून इथले बरेच लोक फ्लोरिबंडाच्या रांगा बिनधास्त कात्रीने कापतात. मीही फेब्रुवारीअखेर तेच करतो. पंधरा मिनिटांत काम संपतं आणि मग आत येऊन चहा.

खुरपं

टेम्सकाठराव, प्रयोग मला ठाऊक आहे आणि तो खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. पण तो तुमच्या हवेतला आहे. तुमच्याकडे हिवाळ्यात झाड झोपलेलं असतं. थंडीत काप घेतला, सगळं शांत असतं, मार्चमध्ये फूट येते. आमच्याकडे गुलाब कधीच झोपत नाही. परतीचा पाऊस, त्यामागून ऑक्टोबरचं ऊन, हवेत ओल भरपूर, अशा वेळी आम्ही छाटतो. चेंगरलेल्या, फाटलेल्या कापातून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून खाली काळी पडत जाते. डायबॅक म्हणतात त्याला. पुण्यात गुलाब मरतात ते बहुतांशी यानेच. किडीचा नंबर नंतर.

आता छाटणी सांगतो. पुण्याच्या हवेला वर्षातून दोनदा. मोठी ऑक्टोबरमध्ये, पाऊस गेल्याची खात्री झाली की, साधारण दसऱ्याच्या आगेमागे. दुसरी हलकी, जूनच्या तोंडाला.

ऑक्टोबरची छाटणी करताना क्रम महत्त्वाचा. आधी मेलेलं लाकूड काढा. मग आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या. मग सगळ्यात जुने, राखाडी, खरखरीत सालीचे दोन-तीन दांडे अगदी जमिनीलगत. दरवर्षी एक तृतीयांश जुनं लाकूड असं तळातून गेलं पाहिजे. कुंपण पायाशी उघडं पडतं त्याचं कारण हेच, की लोक वरून कापत राहतात आणि खालचं म्हातारं लाकूड तसंच ठेवतात. त्याला फूट येत नाही, ते नव्या फुटीला जागाही देत नाही. एवढं झालं की उरलेले हिरवे-तांबूस दांडे फूट-सव्वा फुटावर आणा. अडीच फुटांचं कुंपण हवं असेल तर छाटताना निम्म्यावर यायलाच लागतं, कारण नवी फूट आणि झुबका मिळून वरचं सव्वा फूट भरून काढतात. छाटल्यावर तुम्हाला रडू येईल. येऊ द्या. दीड-पावणेदोन महिन्यांत, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला, पूर्ण रांग एकदम फुलते.

काप बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर. कापल्यावर आतला गाभा बघा. पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर थांबा. तपकिरी दिसला तर अजून खाली जा, पांढरा लागेपर्यंत. हे हेजकात्रीला कसं दिसणार? सिकेटर (एका हातात धरायची छाटणीची कात्री) धारदार हवं, आणि एका आजारी झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसा.

कापांवर बोर्डो पेस्ट. मोरचूद शंभर ग्रॅम, कळीचा चुना शंभर ग्रॅम, पाणी एक लिटर. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या लिटरात वेगवेगळे भिजवा, प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडी बादली नको. चुना निवला की दोन्ही एकत्र करा. त्यात विळ्याचं पातं क्षणभर बुडवून बघा. पात्यावर तांब्याची लाली आली तर चुना कमी पडलाय, अजून घाला. त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवू नका. वीस झाडांच्या प्रत्येक कापाला लावत बसलात तर दिवाळी तिथेच होईल. पेन्सिलीहून जाड कापांना लावा, बाकी सोडा.

जूनची छाटणी म्हणजे फक्त उन्हाने करपलेले शेंडे आणि वाळकी लाकडं. फार तर वरचा पाव भाग. पावसाच्या तोंडावर जोरात छाटलेलं झाड लुसलुशीत पालवी काढतं आणि बुरशीला तेच हवं असतं.

मातीमोल

काकांशी नव्वद टक्के सहमत. मी मावळात पॉलिहाउसमध्ये काम करतो, चौदा फेब्रुवारीला तुम्ही जे लांब दांड्याचे लाल गुलाब घेता त्यातले बरेच आमच्याकडचे. पण धंद्यातले 'टॉप सीक्रेट' किंवा 'ताजमहाल' आणून कुंपणाला लावायचा मोह कोणी करू नका. ते दांड्याच्या लांबीसाठी निवडलेले वाण आहेत. तुम्हाला नेमकी उलटी गोष्ट हवी आहे.

दहा टक्के मतभेद कात्रीवर. पॉलिअँथाला प्रत्येक झुबका वाळल्यावर सिकेटरने पाचपानी जागा (पाच पानांचा जुडगा जिथे फुटतो ती) शोधत बसायची गरज नाही. काड्या बारीक असतात, काप लवकर सुकतो. बहर ओसरला की हेजची साधी धारदार हातकात्री घ्या आणि वरचे दोन-तीन इंच कापून टाका. ऑक्टोबर ते मार्च या कोरड्या दिवसांत याने काही बिघडत नाही. मोठी छाटणी मात्र सिकेटरनेच. म्हणजे अहो आणि काका दोघेही जिंकले.

कात्री फिरवताना आकार लक्षात ठेवा: खाली रुंद, वर अरुंद. लोकांना भिंतीसारखं काटकोनात कापायची हौस असते, त्यात हळूहळू वरची बाजू बाहेर येते, खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि पाय उघडे. तुमच्याकडे दुपारनंतर सावली आहे, त्यामुळे हे जास्तच जपा.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही. शक्य असेल तर कलमी रोपं घेऊच नका, स्वतःच्या मुळांवरची घ्या. कलमात खाली एक जंगली खुंट असतो, वर डोळा भरलेला असतो. एकटदुकट झाडात खुंटाची फूट दिसली की काढून टाकता येते. दाट रांगेत ती पानांत लपते, दिसते तेव्हा हातभर झालेली असते, आणि दोन वर्षांत खुंट वरच्या गुलाबाला संपवतो. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते इथे शब्दशः होतं. 'द फेअरी' काडीवरून सहज लागतो, मग कलमाचा खर्च आणि कटकट कशाला?

चाफेकळी

म्हणजे चार-पाच रोपं आणून त्याच्याच काड्या लावल्या तर वीस होतील?

मातीमोल

होतील की. आत्ता पाऊस चालू आहे तोवर लावा, नाहीतर ऑक्टोबरच्या छाटणीतल्या काड्या वापरा. नुकताच झुबका फुलून गेलेली, ना कोवळी ना लाकूड झालेली फांदी घ्यायची. वीतभर तुकडा, तीन-चार डोळे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. वरची दोन पानं ठेवून बाकी काढा. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट, त्यात दोन डोळे गाडा. सावलीत ठेवा, माध्यम ओलसर हवं पण चिखल नको. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. हलवून बघू नका, पिशवीच्या तळाला पांढरी मुळं दिसली की कळतं. हवीत त्याच्या दीडपट लावा, काही जाणारच.

यात वेळ जाईल, कुंपण एक हंगाम उशिरा होईल. पण सगळी झाडं एकाच वयाची, एकाच बांध्याची मिळतात. नर्सरीतून वीस आणलीत तर त्यात तीन वेगळीच निघतात, आणि ते पहिल्या बहरातच कळतं.

लाजाळू

आमचं रत्नागिरीचं गाऱ्हाणं ऐका. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कलमी गुलाब पहिल्या पावसात निष्पर्ण होतो, दुसऱ्यात जातो. आमच्याकडे आगरात वर्षानुवर्षं जो टिकलाय तो फिकट गुलाबी चिनी गुलाब, आजी त्याला बारमाशी म्हणायची. काडीवरचाच, नाव-गाव काही नाही. फूल सैल, दोन दिवसांत पाकळ्या गळतात, पण झाड जांभ्यातही हसतं.

कोकणात लावणार असाल तर जमिनीत नको, गडगा बांधतात तशी चिऱ्यांची हातभर उंच पट्टी बांधा आणि त्यात लावा. पाणी निथळलं पाहिजे. आणि काकांची जूनची छाटणी इथे विसरा. आम्ही मे महिन्यात फक्त वाळकं काढतो, एकदम नवरात्र उलटल्यावरच कात्री लावतो. मी तर बुडाशी पालापाचोळाही पावसाळ्यात ठेवत नाही. काळे ठिपके पडलेली पानं तिथेच कुजली की मातीवरून पावसाच्या शिंतोड्यांबरोबर रोग परत वर चढतो. गळलेली पानं रोज झाडून जाळायची.

टवाळ_पोपट

रोज? गुलाब सांभाळायचे की सून?

लाजाळू

सून स्वतःची पानं स्वतः झाडते हो.

चाफेकळी

😄

बरं, सासूबाईंचा प्रश्न. गावठी गुलाबाचं काय? शेजारच्या काकूंकडे आहे, गडद गुलाबी, गच्च पाकळ्या, वास अप्रतिम. त्याच्या काड्या देते म्हणाल्या. तोच वीस वेळा लावला तर?

खुरपं

वर्णनावरून तो एडवर्ड दिसतोय. नर्सरीवाले ज्यावर डोळे भरतात त्या खुंटांपैकी हा एक. गंमत अशी की हा ज्या बूर्बाँ गटातला आहे तो गटच मुळात कुंपणात जन्मला. हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, आजचं रेयूनियाँ, तिथले शेतकरी शेतांच्या कडेने चिनी गुलाब आणि दमास्क गुलाबाची वई घालायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रेऑँ नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला त्या वईत दोघांपेक्षा निराळंच एक झाड दिसलं, आपोआप झालेला संकर. तिथून बी पॅरिसला गेलं आणि युरोपभर बूर्बाँ गुलाब झाले. आईकडून वास, बापाकडून पुन्हा पुन्हा फुलणं, असं काहीसं. कोण आई कोण बाप ते मला विचारू नका.

पण ती शेताची वई होती, पुरुषभर उंचीची. तुमच्या अडीच फुटांत एडवर्ड मावणार नाही. दाबून कापलात तर काट्यांचं जाळं होईल आणि फूल दिसणार नाही. हेच 'ग्रुस आन टेप्लिट्झ'चं. १८९७ चा, गेश्विंड यांचा, गडद लाल, वासाला तोड नाही, आपल्या देशात कुंपणाला भरपूर लावलेला. पण पाच फुटी कुंपणाला.

सासूबाईंसाठी सोपा उपाय: फाटकाजवळच्या टोकाला, ओळीच्या बाहेर, एक एडवर्ड मोकळा वाढू द्या. देवाला रोज दोन-चार फुलं एका झाडावर निघतात. कुंपणाला वास नसला तरी फाटकातून आत येताना वास येईल.

ज्यांना तीन-साडेतीन फूट चालतात त्यांनी आपले भारतीय फ्लोरिबंडाही बघावेत. गव्हावरच्या कामासाठी नावाजलेले डॉ. बी. पी. पाल दिल्लीच्या पुसा संस्थेत असताना गुलाबांचेही संकर करायचे. त्यांचा 'दिल्ली प्रिन्सेस' १९६३ चा, गडद गुलाबी, झुबक्याने येणारा. पुसाचाच 'मोहिनी' चॉकलेटी रंगाचा, पण तो ओळीत लावू नका, दुरून ती ओळ सुकल्यासारखी दिसते. हे माझं मत. मोहिनीच्या चाहत्यांनी चपला आवरून ठेवाव्यात.

संत्रानगरी

नागपूरकरांनी काय करावं ते कोणीच सांगत नाही. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, पॉलिअँथाच्या बारीक पानांवर लाल कोळी असा येतो की पानं मागून धूळ उडवल्यासारखी दिसतात, जाळी धरतात. लोक लगेच कीटकनाशक आणतात. कोळी हा कीटक नाही, साध्या कीटकनाशकाने मरत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो वाढतो. माझा उपाय पाण्याचा: सकाळी लवकर पाइपला बारीक तोंड लावून पानांच्या खालच्या बाजूने जोरात फवारा, दोन-तीन दिवसांआड. दाट कुंपणात आतल्या बाजूला पाणी पोचत नाही, म्हणूनही जुने दांडे तळातून काढणं महत्त्वाचं. काकांच्या त्या मुद्द्याला इथून दुजोरा.

उन्हाळ्यात इथे अजिबात छाटायचं नाही. पानांची सावली खालच्या दांड्यांवर राहू द्यायची, नाहीतर साल भाजून फाटते.

मातीमोल

बरोबर. आणि थंडीत उलटा त्रास, भुरी. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार, दिवसा उबदार असलं की कोवळी पानं पांढरी पीठ लावल्यासारखी होतात. पाण्यात विरघळणारं ८० टक्क्यांचं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, पहिल्या डागालाच फवारा. कडक उन्हात गंधक मारू नका, पानं जळतात.

चाफेकळी, तुमच्या पाण्याबद्दल. बोअरच्या जड पाण्याने वर्षभरात कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसू लागलं तर ते लोहाचं आहे. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे मुळांना घेता येत नाही. अजून शेणखत टाकून उपयोग नाही. चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं) द्या, शक्य तेव्हा गच्चीवरून पडणारं पावसाचं पाणी त्या चराकडे वळवा.

डॅलसवरून

चर्चा वाचून आमच्या इथलं एक सांगावंसं वाटलं. २००० मध्ये 'नॉक आउट' नावाचा गुलाब बाजारात आला, विल्यम रॅडलर यांचा. काळे ठिपके येत नाहीत, छाटणीची कटकट नाही, म्हणून बँका, दवाखाने, पार्किंगच्या कडा, जिकडे तिकडे त्याचीच कुंपणं. मग रोझ रोझेट हा विषाणूचा रोग आला. डोळ्यांना न दिसणारे कोळी हा विषाणू वाऱ्यावरून पसरवतात. फांद्या लालभडक, वेड्यावाकड्या, काट्यांनी भरलेल्या येतात, झाड जातं, औषध नाही. आमच्या डॅलस-फोर्ट वर्थ भागात रांगाच्या रांगा उपटाव्या लागल्या. रोग फक्त नॉक आउटला येतो असं नाही, पण मैलोन्‌मैल एकच झाड, तेही एकमेकाला चिकटून, म्हणजे कोळ्यांना रान मोकळं.

तीस फुटांत दोन जाती लावायला काय हरकत आहे?

खुरपं

रोगाच्या दृष्टीने मुद्दा योग्य आहे, पण बुटक्या कुंपणात दोन बांधे शेजारी आले की ओळ दातपडकी दिसते. वाटलंच तर दहा-दहाचे दोन सलग तुकडे करा, एक-आड-एक नको.

जुनीपानं

आमचे वडील ऑक्टोबरात छाटणीआधी गुलाबाच्या बुंध्याभोवतीची आळी उकरून मुळं आठ-दहा दिवस उघडी टाकायचे, पाणी बंद. ताण दिला की बहर चांगला येतो म्हणायचे. इथे कोणीच त्याचा उल्लेख केला नाही. आता करत नाहीत का?

खुरपं

मीही तेच शिकलो होतो, आणि भारी काळ्या मातीत, जिथे पावसाळाभर मुळं चिंब असतात, तिथे आठवडाभर माती हलकी करून वारा दिल्याने झाड ठणठणीत होताना पाहिलंय. पण मुळं उघडी करताना खुरप्याने बारीक तंतुमुळं तुटतात आणि पाणी तेच पितात. कुंपणात दीड फुटावर झाडं, मुळं एकमेकांत गुंतलेली, तिथे एकाची उकरायला गेलात तर दोघांची तोडाल. त्यापेक्षा छाटणीआधी आठ दिवस पाणी कमी करा, वरची दोन इंच माती भुसभुशीत करा, बस. आणि खत छाटल्या दिवशी नको. डोळे फुगून लालसर कोंब दिसले की द्या. तोवर पानंच नाहीत, झाड खत घेऊन करणार काय?

चाफेकळी

सगळं वहीत उतरवून घेतलं. ठरलं ते असं: 'द फेअरी'ची पाच रोपं एका ओळखीच्या बागवानाकडून मिळतायत, काडीवरचीच. त्यांच्या काड्या आत्ता लावते. चर गणपतीनंतर, भरून महिनाभर बसू द्यायचा. फाटकाशी एक एडवर्ड, त्यावर सासूबाईंनी आजच हक्क सांगितलाय. अहोंना हातकात्री मिळणार आहे, पण फक्त नोव्हेंबर ते मार्च.

एकच राहिलं. नव्या रोपांना पहिल्या वर्षी छाटायचं का?

खुरपं

पहिल्या वर्षी ऑक्टोबरची मोठी छाटणी नाही. लावल्यावर शेंडे फक्त खुडायचे, तेही दोनदा-तीनदा, म्हणजे बुडातून फूट येते. आणि सगळ्यात कठीण काम, पहिले दोन झुबके कळीतच काढून टाका. पोराटोरांना सांगू नका, स्वतः करा. दुसऱ्या ऑक्टोबरला दांडे पेन्सिलीएवढे झाले असतील तर सव्वा फुटावर आणा, नसतील तर अजून एक वर्ष थांबा.

चर भरताना माती जमिनीच्या चार बोटं वर ठेवा, पहिल्या पावसात खाली बसते.

टेम्सकाठ

पहिले झुबके काढायला इथेही सांगतात. मी कधी काढले नाहीत. एकाने तरी खरं सांगावं म्हणून लिहिलं.

लाजाळू

चाफेकळी, काड्या जास्त झाल्या तर दोन पोस्टाने पाठवशील का? ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर प्लास्टिक. पाऊस आहे तोवर पोचतील. पत्ता व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवते.

चाफेकळी

नक्की. तीस लावणार आहे, त्यातल्या चार तुझ्या. बदल्यात तुमच्या बारमाशीच्या दोन काड्या हव्यात, कुंडीत लावेन.